मेरा क्या है

दौलतगंजात आमच्या गल्लीत टीव्ही एकच,
शितोळेकाकांचा, लाकडी शटरचा.
शटरला कुलूप,
कुलपाची किल्ली काकांच्या करगोट्याला.
गुरुवारी रात्री नऊला आम्ही अकरा पोरं सतरंजीवर,
मोठी माणसं खाटेवर, आणि दारात
"मी आपली उभ्याउभ्याच बघते" म्हणत
शेवटपर्यंत उभ्या असलेल्या आंबर्डेकरबाई.

मालिकेचं नाव आता सांगून उपयोग नाही.
सरकारी क्वार्टर, कानपूरकडचा एक बाबू,
त्याची बायको, ऑफिसातला चपराशी,
आणि ताटं मांडली की नेमका उगवणारा
कटियार नावाचा पाहुणा.

चपराशी म्हणायचा, "फाइल ऊपर गई है."
मग आमच्याकडे जे जे सापडेना,
बाबांचा चष्मा, रॉकेलचं कार्ड, माझा गणिताचा पेपर,
सगळ्याची फाइल वर.
आजोबा गेले तेव्हा श्रीरंग हळूच तेच बोलला.
थोबाडीत बसली.
मारणारी आत्या पदर तोंडात कोंबून
हसत होती की रडत,
कुणी विचारलं नाही.

पण खरं वाक्य कटियारचं.
ढेकर देऊन, छत्री काखोटीला मारून तो उठायचा,
वहिनींकडे बघायचा, म्हणायचा,
"मेरा क्या है…"
आणि लाईट जायची.
दर गुरुवारी नाही, पण बहुतेक.
वीजमंडळातही कुणी मालिका बघत असावं.
पडदा आक्रसून एक पांढरा ठिपका,
मग ठिपकाही नाही.
उकाडा, डास, कुणाचं तरी कोपर,
आणि त्या काळोखातून कटियार:
"…मी तर निघालोच होतो!"
अख्खी सतरंजी लोळायची.

ते आम्ही चाळीस वर्षं वापरलं.
लग्नातून लवकर सटकताना.
आईनं, ऑपरेशनला नेताना, स्ट्रेचरवरून.
श्रीरंगनं राजीनाम्याच्या शेवटच्या ओळीत;
साहेबाला काही कळलं नाही.
मिल बंद झाली त्या दुपारी फाटकापाशी
बाकीचे कामगार घोषणा देत होते.
शितोळेकाका रिकामा डबा लटकवून
सायकल हातानं ढकलत गल्लीत आले.
आम्ही पोरं ओट्यावरून ओरडलो, "मेरा क्या है!"
काका हसले.
पुढचं बोलले नाहीत.

परवा श्रीरंगनं पुण्याहून ते जुने भाग पाठवले.
रात्री मोबाइल घेऊन बसले.
आता इन्व्हर्टर आहे, काहीच विझत नाही.
कटियार उठला. ढेकर. छत्री.
"मेरा क्या है," म्हणाला,
आणि डोळा मारला.
डब्यातलं हसू वाजलं, नावं वर सरकू लागली.
बस.
सहा भाग बघितले,
एकातही तो पुढे काही बोलत नाही.

तेव्हा कुठे डोक्यात आलं:
कानपूरचा माणूस, दिल्लीचं केंद्र,
मराठीत बोलेलच कसा?
आणि लाईट गेल्यावर, बंद टीव्हीतून?
अकरा पोरं, पाच मोठी माणसं,
त्यात एक बी.एस्सी. झालेले,
कुणालाही कधी प्रश्न पडला नाही.

टीव्हीशेजारची खुर्ची काकांची होती.
तपकीर ओढायचे, आवाज जरासा नाकात.
लाईट येईपर्यंत कुणी उठत नसे.
काकू अंधारातच हात चाचपून चाचपून
शेंगदाणे वाटायच्या, थंडीत गजक,
आणि मोजायच्या, अकरा, बारा,
बारावा हात काकांचा.

श्रीरंगला फोन लावला, सांगायलाच.
"बघितलंस?" म्हणाला, "अजून तस्साच आहे ना कटियार?"
"हो," म्हटलं, "तस्साच."
मग त्याच्या मुलीची फी, माझे गुडघे,
दौलतगंजातल्या घराची घरपट्टी.
ठेवता ठेवता तो म्हणाला,
"चल, मेरा क्या है…"
आणि थांबला.

मी उरलेलं म्हटलं,
जरासं नाकात.